राखी रद्द करण्यात आली आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला मी बाकी बहुतेक सगळं सांगून बसलो आहे. पोलादपुरात दोन हजार सालाच्या आसपास केबलवर तीन भागांचा एक जपानी कार्टून सिनेमा मराठीतून दाखवला गेला. अजूनही त्या वेळची पोरं, आता त्यांनाच पोरं झालीत, भेटली की त्याची गोष्ट काढतात. ती गोष्ट जपानी नव्हती. ती माझी होती.

मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी पळायच्या, त्यांच्यावरून मी मराठी संवाद लिहितो असा सगळ्यांचा समज होता. शब्द मला ओळखीचे वाटत. पण त्यांची नीट गाठ पडेपर्यंत ते निघून जात आणि पुढचे येत. वर्गात मी एकेक धडा पंधरा दिवस पुरवणारा माणूस. तेव्हा मी चित्रं बघायचो, काय चाललं असेल ते ठरवायचो आणि लिहायचो. इथवर गंमतच होती. पण त्या गमतीपायी बंडूनानांचा माईक गेला, आणि तो जाताना मी शेजारी उभा राहून स्वतःच्या चपलेकडे बघत होतो.

बंडूनाना एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. दिसायला किरकोळ, खाकी शर्टात अर्धे रिकामेच. पण त्यांनी तोंड उघडलं की नवखा माणूस त्यांच्या मागे कोण बोललं ते बघायचा. तो आवाज एवढ्याशा छातीत मावतो कुठे, हे कोडं डॉक्टरांनाही होतं. 'कापड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' हे वाक्य ते अशा थाटात म्हणत की ज्याला कापड्याला जायचं नाही तोसुद्धा पिशवी उचलायचा.

नोकरीतली भाषा घरीही चाले. अंगणातून हाक यायची, "आंघोळीचं पाणी लागलेलं आहे, संबंधितांनी त्वरित लाभ घ्यावा." त्यांची बायको, नानी, स्वयंपाकघरातून ओरडायची, "संबंधित गेला उंडारायला! तुम्हीच घ्या लाभ." राग आला की नाना आणखी सभ्य व्हायचे. एकदा कुणीतरी त्यांच्या सायकलची हवा सोडली, तेव्हा ते भर चौकात म्हणाले, "हवा सोडणाऱ्या सद्गृहस्थांनी चौकशी खिडकीशी संपर्क साधावा." सद्गृहस्थ अजून आलेले नाहीत.

खिडकीमागे जन्म गेल्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्यावरून कमी आणि आवाजावरून जास्त कळत. कोणी बोलायला लागलं की ते डोळे मिटायचे, एक तळवा कानामागे धरायचे आणि म्हणायचे, "तोंड नको दाखवू, आवाज दाखव." मग निदान करायचे. "ह्यो भातशेतीवाला. पाऊस लांबला तरी घाई नाय ह्याला." नाहीतर, "ही वरल्या वाडीची. खिडकीत मी बसलोय, पण ही इचारते पलीकडल्या डोंगराला."

गावात त्यांचा खरा मान मात्र शिमग्यात. पालखी निघाली की ती कुणाच्या अंगणात जाणार, कुणाची ओटी, कुणाचा नारळ, हे सहाणेवर, म्हणजे पालखी टेकते त्या ओट्यावर, उभं राहून माईकवरून पुकारायचं काम वर्षानुवर्षं नानांचं. मुंबईहून आलेले चाकरमानी त्या आवाजात आपल्या बापाचं नाव ऐकायला रात्रभर गाडीत उभं राहून येत. नावं पुकारताना नाना एसटीची भाषा पूर्ण सोडून देत. तेवढाच एक दिवस ते साधं बोलायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या गोठ्यात केबलची कंट्रोल रूम काढली. त्यांचा भाचा मुंबईत, परदेशी कार्टूनांना हिंदी आवाज देतात तसल्या एका स्टुडिओत वायरी गुंडाळायच्या कामाला होता. तो गणपतीच्या आधी आला आणि सांगू लागला की तिथे एकेका आवाजासाठी कसे नट शोधत फिरतात. नानांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. म्हणाले, "शोधत फिरतात? आपल्याकडं आवाज घरात मावत नायत."

भाच्याने जपानी सिनेमाच्या पहिल्या भागाची सीडी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर धाडली. दुसरा भाग दिवाळीला, तिसरा शिमग्याला, असा वायदा. सिनेमात एक मुलगा, एक मुलगी, ती दोघं राहतात त्या घरातली म्हातारी, लोखंडी मुखवट्याचा दुष्ट सरदार आणि डुकराच्या तोंडाचं, देवमाशाच्या पोटाचं एक अवाढव्य उडणारं जनावर.

नाना आठवडाभर स्टँडच्या बाकावर डोळे मिटून बसले. लोकांना वाटलं, माणसाला नोकरी सुटलेली सोसत नाही. शेवटी एका सकाळी कंडक्टरशी भांडणाऱ्या बाईपाशी जाऊन ते उभे राहिले. ही शेवंता. कापड्याच्या वरच्या धनगरवाडीतून दूध घेऊन उतरायची.

"बाय, सिनेमात काम करशील?"

"कुनाचं?"

"चौदा वर्षांच्या पोराचं."

शेवंताला तेवढ्या वयाची नातवंडं असावीत. ती कंडक्टरकडे वळून म्हणाली, "बग मुडद्या! म्हाताऱ्याला कळतंय माज्या गळ्याचं मोल, आनि तू म्हनतोस बोंबलू नको."

मुलीच्या आवाजाला शिवणक्लासातली नंदा. ती इतकं हळू बोलायची की क्लासातल्या बायका तिच्याकडून मापं कागदावर लिहून घेत. नाना म्हणाले, "हिचं ऐकायला माणूस पुढं झुकतो. नायिका म्हंजे हेच." म्हातारी झाली नानी. दुष्ट सरदार स्वतः नाना, तोंड तांब्याच्या हंड्यात घालून. आणि लढाईला भजनी मंडळाचा पखवाज.

अडचण आली आप्पांची. आप्पा म्हणजे पालखीचे पहिले मानकरी. ते काठी टेकत गोठ्यात आले. "बंडू, सिनेमात राजा हाय म्हनं. राजाचा आवाज आमच्या घरातनं जायला पायजे. पयला मान कुनाचा?"

आमच्याकडे पालखीच्या दांडीला हात लावण्यापासून होळीच्या पहिल्या गोवरीपर्यंत सगळ्याला मानाचा क्रम असतो. जपानच्या राजाला तो लागू होत नाही हे आप्पांना पटवणं शक्य नव्हतं. नानांनी मान ठेवला. फक्त तो राजा सिनेमा सुरू होताच बाण लागून मरतो, हे त्यांनी आप्पांना सांगितलं नाही.

आणखी एक. आवाज आधी टेप करून ठेवायला नाना तयार नव्हते. "गाडी सुटताना पुकारायची असते मास्तर. आदी पुकारून ठेवलेली गाडी कोन पकडनार?" म्हणून सिनेमाचा मूळ आवाज बंद, भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मधे एक माईक, आणि सगळ्या गावाच्या टीव्हीवर चित्र चालू असताना आम्ही इथे दाटीवाटीने बसून बोलणार. सीडी आली की दोनदा बघायची, मी लिहायचं, दोनदा तालीम, की सोडली गाडी.

गणपतीत पहिला भाग झाला. राजाला बाण लागला. आप्पांच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "प्रजेला सांभाळा." ते आप्पांनी म्हटलं. मग त्यांना वाटलं, पहिल्या मानाचा माणूस एवढ्यात कसा जाईल? ते कण्हू लागले. पडद्यावर राजवाडा गेला, जंगल आलं, तरी आप्पा मरतच होते. तळ्याकाठी एक बेडूक आला. बेडकाच्या तोंडून घराघरांत ऐकू गेलं, "माझ्या सुनांना म्हनावं, भांडू नका!" नाना हंड्यातून तोंड काढून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी शेवंतानेच आप्पांच्या पाठीवर थाप मारली, "मरा की आता, लोकं खोळंबल्यात!" हेही घराघरांत ऐकू गेलं.

त्याच भागात पुलावरचा प्रसंग होता. मुलगा जनावराशी लढायला निघतो. मुलगी धावत येते आणि त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधते. दोघांचे डोळे भरतात.

खाली इंग्रजी ओळी पळत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. एका घरात राहणारी मुलगा-मुलगी, मनगटाला लाल दोरा. त्यात न समजण्यासारखं काय आहे? मी लिहिलं, 'दादा, ही राखी. परत ये.'

नंदाने ते असं म्हटलं की पखवाजवाला डोळे पुसू लागला. शेवंताने कागद बाजूला ठेवून आपल्या मनाचं सांगितलं, "ताये, तुज्या केसाला कुनी हात लावला तर त्याची चामडी काडून वाळत घालीन." बाहेर गल्लीभर बायका हुंदके देत होत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी माझी पाठ थोपटली. "जपान्यांतही राखी असते, कल्पना नव्हती," ते म्हणाले. मी म्हणालो, "हो, असते." मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे लोकांना माझ्या म्हणण्यात वजन वाटतं.

दिवाळीच्या भागात दोघं दिव्यांच्या उजेडात जेवतात असं दृश्य निघालं. मी ती भाऊबीज केली. आता मागे फिरायला वाटच ठेवली नाही.

त्या भागाची आठवण मात्र वेगळ्या कारणाने निघते. मुलगा उंच कड्यावरून त्या उडत्या जनावराला हाक मारतो. शेवंताला विचारलं, कशी मारशील? ती म्हणाली, "जनावराला मारायची तशीच." आणि माईकपुढे तिने ती डोंगर ओलांडणारी हाक दिली. दारं-खिडक्या उघड्या, प्रत्येक टीव्हीतून तीच हाक. शेवंताने आदल्या साली गावात एक म्हैस विकली होती. त्या म्हशीने दावं तोडलं. चार घरांच्या टीव्हीपुढे उभी राहून तिने खात्री करून घेतली आणि शेवटी गोठ्याच्या दारातून आमच्या कंट्रोल रूममध्ये मान घातली. नायकाने जनावराला म्हणायचं होतं, 'मला घाबरू नकोस.' शेवंता म्हणाली, "माजी बाय गो ती! वाळलीस की किती! खायाला घालत नायत काय मेले?" म्हशीचा नवा मालक घरी बसून हे ऐकत होता. पडद्यावर मुलगा त्या जनावराच्या नाकाला नाक लावत होता. तेवढं बिनचूक जुळलेलं दृश्य तिन्ही भागांत दुसरं नाही.

नाना त्या संध्याकाळी फार खुशीत होते. मला म्हणाले, "मास्तर, एक इचारू? इंग्रजी ओळी पळतात तवा तुम्ही वर बघत नाय. आमी सगळे टीव्हीकडं, तुम्ही कागदाकडं." मी म्हणालो, "सवयीने कळतं." नानांनी डोळे मिटले, तळवा कानामागे धरला. माझा आवाज बघत होते. मग हंडा घासायला बसले.

तिसरी सीडी शिमग्यात, पालखीच्या आदल्या दुपारी आली. चाकरमान्यांनी घरं भरलेली. संध्याकाळी शेवटचा भाग म्हणून गावभर सांगून झालेलं. आम्ही सीडी लावली, अर्धी बघितली आणि वीज गेली. ती आली तेव्हा सुरू करायची वेळ झाली होती.

नाना म्हणाले, "मास्तर, पुढचं काय हाय? थांबवायचं तर आता थांबवू. लोकांना सांगतो, गाडी उशिरा धावत आहे."

तेव्हा 'मला माहीत नाही' एवढं म्हटलं असतं तर हे लिहावं लागलं नसतं. मी म्हणालो, "पुढचं नेहमीचंच. सरदार मरतो, संपतं."

सरदार मेला. नानांनी हंड्यात प्राण सोडला. पण सिनेमा संपेना. घंटा वाजली. झाडांवरून फुलं गळू लागली. आणि मुलगी आली ती नखशिखांत पांढरं नेसून, मान खाली घालून.

सगळे माझ्याकडे बघू लागले. पांढरं नेसून, मान खाली. मी कागदावर लिहून नंदापुढे सरकवलं, 'कोणीतरी वारलं आहे. रड.'

नंदाने टाहो फोडला. त्या मुलीच्या अंगात एवढा आवाज आहे हे त्या दिवशी कळलं. "दादा, कोण गेलं रे?"

शेवंता गोंधळली. "आप्पांचा राजा गेला व्हता की पयल्या भागात. आज दिवस हायत वाटतं."

नानीने म्हातारीच्या आवाजात गळा काढला. पखवाजवाल्याने काय वाजवावं ते न कळून भजनाचा ठेका धरला. पडद्यावर मात्र सगळे हसत होते. मुलगा भरजरी कपड्यात आला. दोघं समोरासमोर बसली, एकाच वाटीतून घोट घेतला, आणि मुलाने मनगट पुढे केलं. तोच लाल दोरा. त्याचं दुसरं टोक त्याने मुलीच्या मनगटाला बांधलं. खाली एक ओळ आली आणि त्या तीन भागांत प्रथमच, दिग्दर्शकाला माझी दया आल्यासारखी, थांबून राहिली. पुलावर तू हा दोरा बांधलास तेव्हाच मी तुझा नवरा झालो, अशा अर्थाची. तिन्ही भागांतलं मला पुरतं समजलेलं वाक्य ते एकच.

मुलाने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले.

मग कुठल्यातरी घरातून बाईचा आवाज आला, "अगो बाय! भाऊ ना तो तिचा?" आणि फटाफट खिडक्या लागल्या, पोरांना टीव्हीपुढून ओढल्याचे आवाज आले.

शेवंताने माईकवरच सांगून टाकलं, "ह्ये मी नाय करनार. पाप हाय."

नाना उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं, माईक तोंडाशी धरला, घसा साफ केला.

"प्रेक्षकांनी कृपया लक्ष द्यावे. पहिल्या भागात बांधण्यात आलेली राखी काही अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आली आहे. दिवाळीची भाऊबीजही धावणार नाही. त्याऐवजी सदर ठिकाणी लग्न लागत आहे. आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

आणि सीडी बंद केली.

मुंबईची पोरं हसून लोळली, असं नंतर ऐकलं. वडीलधारे हसले नाहीत. सकाळी पालखी निघायच्या आधी आप्पा आणि चार मानकरी गोठ्यापुढे आले. त्यांच्या मागे अर्धा गाव.

आप्पा म्हणाले, "बंडू, देव दाराशी आला असताना भाऊबहिनीचं लगीन लावलंस? लेकीसुना समोर बसलेल्या. हे कुनी लिवलं?"

मी नानांच्या डाव्या हाताला उभा होतो. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, ते मला त्याच वेळी फार महत्त्वाचं वाटलं.

नाना म्हणाले, "मास्तरांनी बरोबर लिवलं व्हतं, आप्पा. मीच बदललं. मला राखीची हौस."

त्यात एसटीचा एकही शब्द नव्हता.

आप्पांनी काठी आपटली. "मंग आज पालखीचा माईक तुज्या हातात शोभत नाय."

तो माईक मुंबईच्या एका पोराला दिला. त्याने नावं वाचली. लोक आपापल्या बापाचं नाव ऐकून मान हलवून घरी गेले. नाना गर्दीत माझ्याबरोबर उभे होते, डोळे मिटून, हात कानामागे. मी कसंबसं पुटपुटलो, "नाना, मी सांगतो त्यांना."

"नको. तुमची शाळा हाय, इंग्रजी हाय. माझा माईक गेला तर घसा हाय अजून." मग डोळे न उघडताच म्हणाले, "पोरगा नावं चांगली वाचतो. पन बगत नाय कोन ऐकतंय ते."

माईक त्यांना पुढच्या वर्षीही मिळाला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शेवंता, नंदा पुन्हा कधी गोठ्यात जमल्या नाहीत. मी पुढे महाडच्या शाळेत मुख्याध्यापक झालो. निरोपाच्या भाषणात आप्पांनी सांगितलं, "मास्तरांचं इंग्रजी पक्कं, त्या बंडूने घान केली." मी नमस्कार केला आणि नारळ घेतला.

नाना मला शेवटचे दिसले कशेडी घाटात. पावसाळ्यात दरड आली होती, दोन्ही बाजूंना ट्रक आणि एसट्या अडकलेल्या, पोरं रडतायत, कुणाला काही कळत नाही. आणि धुक्यातून आवाज आला, "मुंबईकडे जाणाऱ्या प्रवाशांनी घाबरून जाऊ नये. दरड उचलण्याचे काम प्रगतिपथावर आहे. मागच्या लाल गाडीतील आजींचा नातू इकडे बिस्किट खात आहे, त्यांनी ताब्यात घ्यावा." एका ट्रकच्या फळीवर, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून, नाना उभे होते. हातात माईक नव्हता. घाटाच्या वळणापलीकडे लोक हसत असलेले ऐकू येत होते.

मी छत्री घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटलेलेच होते. "मास्तर," ते म्हणाले. मी अजून एक शब्दही बोललो नव्हतो. बहुतेक चपलांच्या आवाजावरून ओळखलं.

"एक राहिलंय इचारायचं. त्यो दोरा खरा कशाचा व्हता वो?"

आजूबाजूला पन्नासेक माणसं होती. त्यांत पोलादपूरचीही होती, ओळखीची. मी म्हणालो, "तसं ते संदर्भावर अवलंबून आहे, नाना."

ते खूप वेळ हसले. पिशवीवरचं पाणी माझ्या अंगावर उडालं. "हां. मंग बरोबर," म्हणाले आणि पुन्हा वळणाकडे तोंड केलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..."

पुढच्या पावसाळ्याआधी नाना गेले.

त्यांचं माझ्याकडे एका वाक्याचं देणं राहिलं आहे: राखी मी बांधली होती, नानांनी नव्हे. ते शिमग्यात, सहाणेवर उभं राहून, माईक न घेता, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.